जादूगाराचा हिशेब

'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेच्या पहिल्याच भागात चार मुलं तळघरात टेबलाभोवती बसली आहेत. साल १९८३, खेळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. खेळातला राक्षस समोर ठाकलाय आणि विल हा मुलगा जादूगार खेळतोय. एकजण ओरडतो, संरक्षणाचा मंत्र घाल. दुसरा ओरडतो, आगीचा गोळा टाक. दोन्ही करायची सोय नाही. विल आगीचा गोळा निवडतो. दान हवं तेराचं, पडतात सात.

कथेतल्या जादूगाराला असा पेच पडत नाही. गँडाल्फ किती वेळा, केवढी जादू करू शकतो हे टॉल्किन कुठेही मोजून सांगत नाही. लेखकाला हवी तेव्हा ती होते आणि नको तेव्हा होत नाही. खेळात मात्र जादूगार वाचकाच्या हाती जातो. हातात अमर्याद शक्ती आलेला माणूस ती प्रत्येक वळणावर वापरणारच, आणि मग शेजारी तलवार घेऊन बसलेल्या गड्याला कामच उरणार नाही. म्हणून खेळात जादू मोजावी लागते. मोजण्याच्या या खटपटीतूनच आजच्या गेममधला जादूगार घडला आहे.

सुरुवात युद्धखेळांपासून झाली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं गाव आहे. तिथले गॅरी गायगॅक्स आणि त्यांचे सहकारी जेफ पेरेन यांनी १९७१ मध्ये 'चेनमेल' ही नियमपुस्तिका काढली. छोट्या शिपायांच्या मूर्ती मांडून मध्ययुगीन लढाया खेळण्याचे ते नियम होते. शेवटी काल्पनिक प्राण्यांची आणि जादूगारांची एक पुरवणी जोडलेली होती. तिथला जादूगार म्हणजे चक्क तोफखाना आहे. त्याच्या आगीच्या गोळ्याचा मारा मोठ्या गोफणयंत्राएवढा, विजेचा मारा जड तोफेएवढा. पटावर दगडफेकीचा हिशेब आधीच तयार होता, तोच जादूला लावला.

१९७४ मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आणला. एका खोक्यात तीन पुस्तिका आणि पहिल्या आवृत्तीच्या हजार प्रती. आता शिपायांच्या तुकडीऐवजी खेळाडू एकेक माणूस चालवणार होता, त्यामुळे तोफेचा हिशेब पुरेना. त्यावरचं उत्तर गायगॅक्सना जॅक व्हान्स यांच्या कथांत सापडलं. व्हान्स यांनी दुसऱ्या महायुद्धात व्यापारी जहाजावर नोकरी करताना लिहिलेल्या या कथा १९५० मध्ये 'द डाइंग अर्थ' या पुस्तकात आल्या. सूर्य विझत आलेला, हजारभर मंत्रांपैकी शंभरेक शिल्लक, आणि तेही इतके जड की माझिरियनसारख्या निष्णात जादूगाराच्या डोक्यातही एका वेळी चार मोठे किंवा सहा छोटेच मावतात. मंत्र उच्चारला की तो डोक्यातून पुसला जातो. पुन्हा हवा तर पुन्हा पोथी उघडायची.

महाभारत ऐकत वाढलेल्या आपल्याला हे परकं वाटायला नको. कर्णाची वासवी शक्ती एकदाच चालणारी होती. अर्जुनासाठी जपलेली ती शक्ती घटोत्कचावर खर्च झाली आणि पुढचं युद्ध तिथेच फिरलं. गायगॅक्सनी तिथून काही उचललेलं नाही, पण त्या प्रसंगातली घालमेल त्यांच्या नियमांतही आहे.

१९७८ ची खेळाडूंची नियमपुस्तिका उघडली की हे लख्ख दिसतं. पहिल्या पायरीवरच्या जादूगाराची प्राणशक्ती चार बाजूंच्या फाशावर ठरते, म्हणजे नशीब फुटकं असेल तर एक. चिलखत चालत नाही. हातात खंजीर किंवा काठी. आणि दिवसाला मंत्र एक, फक्त एक. तो झोपेचा मंत्र असेल तर चार ते सोळा किरकोळ शत्रू एका दमात आडवे होतात, पण त्यानंतर तो जादूगार इतरांच्या पाठीमागे लपणारा एक दुबळा माणूस असतो. ही पद्धत अवघडलेली आहे अशी तक्रार पन्नास वर्षं चालू आहे. मला ती आजवरची सर्वांत चांगली पद्धत वाटते, कारण तिच्यात निर्णय संकटाच्या आधी घ्यावा लागतो. आज दिवसभरात काय वाढून ठेवलंय याचा अंदाज जादूगाराला सकाळी पोथीसमोर बसून बांधावा लागतो. तो चुकला तर संध्याकाळी त्याची विद्या कुचकामी ठरते, आणि विद्वान माणसाची गोष्ट खरी रंगते ती तिथे.

संगणकाच्या खेळांनी सोपा मार्ग धरला: माना, म्हणजे जादूची शक्ती. प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या लोकांची या शक्तीवरची श्रद्धा मिशनरी कॉड्रिंग्टन यांनी १८९१ मध्ये 'द मेलानेशियन्स' या ग्रंथात नोंदवली होती. तिला इंधनासारखं संपणारं रूप दिलं लॅरी निव्हन यांच्या १९६९ च्या एका कथेनं. त्यात एक मंतरलेलं चाक आहे. ते फिरत राहतं, वेग वाढत जातो आणि परिसरातली सगळी माना ते पिऊन टाकतं. जादूच्या जोरावर तरुण राहिलेला जादूगार क्षणात जख्खड म्हातारा होतो. त्या कथेत भय आहे. 'डायब्लो'च्या पडद्यावर कोपऱ्यातला निळा गोल रिकामा होतो तेव्हा मात्र खेळाडू निळं औषध पितो आणि पुढे चालू लागतो. सोय झाली, पण जीव टांगणीला लागत नाही. गणिती रिचर्ड गारफिल्ड यांनी १९९३ च्या 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळात मानाला पुन्हा वजन दिलं, कारण तिथे ती हातात येणाऱ्या जमिनीच्या पत्त्यांतून मिळते आणि पत्ते येतील तसे येतात.

रोलिंगबाईंच्या कादंबऱ्यांत हॅरी पॉटर मंत्र म्हणून दमत नाही. पण २०२३ मध्ये 'हॉगवर्ट्स लेगसी' हा गेम आला तेव्हा एक मंत्र टाकला की तो पुन्हा तयार होईपर्यंत थांबा, असा नियम घालावाच लागला.

त्याच वर्षी बेल्जियमच्या लारियन कंपनीचा 'बाल्डर्स गेट ३' आला आणि वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. त्यात मानाचा निळा गोल नाही. साधे मंत्र कितीही वेळा चालतात, मोठ्या मंत्रांच्या खेपा मात्र मोजक्या, आणि जादूगाराच्या त्या खेपा रात्रभराच्या मुक्कामानंतरच पूर्ण भरून मिळतात. व्हान्स २०१३ मध्ये गेले, पण त्यांच्या कथांतली मोजदाद सैल होऊन का होईना इथवर आली आहे. शिवाय लारियननं एक गाठ जास्तच मारली. मुक्कामाला शिधा लागतो: नेहमीच्या काठिण्यपातळीवर ४०, त्यावरच्या पातळीवर ८०. त्यामुळे ड्रॅगनला जाळू शकणारा जादूगार वाटेतल्या प्रत्येक पेटाऱ्यात आधी पाव, चीज आणि बटाटे शोधत असतो.