बातमीतल्या फोटोवरून काढलेलं चित्र विकता येतं का?

आज आपण चित्रांबद्दल बोलणार आहोत. रंग कसे मिसळायचे ते नाही, तर काढलेलं चित्र विकताना काय तपासायचं, ते.

समजा, आषाढात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर एक फोटो आला. डोक्यावर तुळस घेतलेली, पावसात चिंब भिजलेली वारकरी आजी आणि मागे दिवे घाटाचं वळण. आपल्यातल्या एकीनं ते कात्रण जपून ठेवलं, महिनाभर खपून त्याचं कॅनव्हासवर चित्र केलं. बचतगटाच्या प्रदर्शनात ते चार हजारांना गेलं. रंग तिचे, मेहनत तिची, मग अडचण कुठे आली?

अडचण अशी, की त्या चित्रात आणखी एकाची मेहनत आहे. पेपर विकत घेतला की कागद आपला होतो. त्यावर छापलेल्या फोटोचा हक्क आपल्याकडे येत नाही. या हक्काला कॉपीराइट किंवा स्वामित्व हक्क म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी १९५७ चा कायदा आहे. त्यात चित्र, शिल्प आणि फोटो या तिन्हींना कलाकृतीच मानलं आहे. फोटो काढला की हक्क तयार होतो. नोंदणी करावी लागत नाही, कोपऱ्यात खूण असावी लागत नाही. फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं तो टिकतो. त्या फोटोची कोणत्याही माध्यमात प्रतिकृती करण्याचा हक्क त्यात येतो. म्हणजे कॅमेऱ्यातला फोटो तैलरंगात उतरवला, तरी प्रश्न सुटत नाही.

‘फोटोत काय, बटण तर दाबायचं!’ असं कुणी म्हणेल. त्यांना आम्ही होमाई व्यारावाला यांच्याबद्दल सांगू. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाईबाई भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो त्यांच्या पतीच्या, माणेकशा यांच्या नावानं छापले जात. पुढे स्वातंत्र्याच्या वेळचे प्रसंग त्यांनी टिपले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. कोणत्या क्षणी, कुठे उभं राहून, किती उजेडात टिपायचं, हे ठरवणं हेच फोटोग्राफरचं काम असतं. फोटोखालचं नाव त्या कामाचं असतं, आणि नाव गळलं की मोबदलाही गळतो.

परदेशात यावरून मोठे खटले झाले आहेत. बेल्जियममध्ये काट्रेयन व्हान खील या महिला वृत्तछायाचित्रकारानं एका राजकारण्याचा घामेजलेला चेहरा अगदी जवळून टिपला होता. त्यावरून लुक टॉयमन्स या नामवंत चित्रकारानं २०११ मध्ये मोठं चित्र रंगवलं आणि ते विकलं गेलं. हे विडंबन आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. जानेवारी २०१५ मध्ये अँटवर्पच्या न्यायालयानं ते मान्य केलं नाही. पुढे त्याच वर्षी दोघांनी आपसात तडजोड केली.

दुसरा खटला अमेरिकेतला. लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ मध्ये ‘न्यूजवीक’ साप्ताहिकासाठी गायक प्रिन्स यांचे फोटो काढले. १९८४ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकानं ४०० डॉलर देऊन त्यातल्या एकावरून चित्र करून घेण्याची परवानगी घेतली, तीही एकदाच वापरण्यापुरती. चित्र केलं अँडी वॉरहॉल यांनी. पण त्यांनी एकावर न थांबता त्याच फोटोवरून १६ कलाकृती केल्या. २०१६ मध्ये प्रिन्स गेल्यावर त्यातली एक मासिकाच्या विशेषांकावर झळकली. वॉरहॉल यांच्या संस्थेला १० हजार डॉलर मिळाले, गोल्डस्मिथ यांना ना पैसे मिळाले, ना त्यांचं नाव आलं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी गोल्डस्मिथ यांच्या बाजूनं निकाल दिला. फोटो आणि चित्र दोन्ही मासिकात त्याच माणसाची ओळख दाखवायला वापरले गेले, शिवाय वापर व्यापारी होता, हे न्यायालयानं महत्त्वाचं मानलं. मात्र हा निकाल मासिकाला दिलेल्या त्या वापरापुरता आहे. सगळ्या १६ कलाकृतींचा फैसला त्यात नाही.

तिसरं प्रकरण ओबामांच्या निळ्या-लाल पोस्टरचं. शेपर्ड फेअरी यांनी २००८ मध्ये ते केलं, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेसाठी काढलेल्या फोटोवरून. कॉपीराइटचा वाद २०११ मध्ये तडजोडीनं मिटला. पण आपण कोणता फोटो वापरला, याबद्दल फेअरी खोटं बोलले होते आणि त्यांनी पुरावेही नष्ट केले होते. त्यासाठी २०१२ मध्ये त्यांना २५ हजार डॉलर दंड आणि दोन वर्षांची देखरेखीची शिक्षा झाली. म्हणून कात्रण, तारीख, पेपरचं नाव हे सगळं नीट जपून ठेवा.

मग आता वारीचं चित्रच काढायचं नाही का? तसं मुळीच नाही. वारी कुणा एकाच्या मालकीची नाही. तुळस घेतलेली आजी हा विषय सगळ्यांचा आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हेच सांगितलं. कल्पनेवर मालकी नसते, ती ज्या रूपात मांडली त्या रूपावर असते. तुम्ही स्वतः रस्त्याकडेला उभ्या राहून मोबाइलवर फोटो काढलात आणि त्यावरून चित्र केलंत, तर ते तुमचंच. पाच-दहा फोटो पाहून पदर, टाळ, पावसाचा उजेड समजून घेतलात आणि मांडणी आपल्या मनानं केलीत, तरी हरकत नाही. पण तोच चेहरा, तोच कोन, त्याच पदराच्या चुण्या जशाच्या तशा उतरवल्या, तर ती नक्कल ठरू शकते.

काही समजुती आम्हाला वारंवार ऐकू येतात. ‘तीस टक्के बदल केला की चालतं’ ही त्यातली पहिली. कायद्यात असा टक्का कुठेही नाही. महत्त्वाचा भाग उचलला आहे का, हे न्यायालय पाहतं. दुसरी, ‘खाली फोटोग्राफरचं नाव लिहिलं की झालं.’ नाव देणं चांगलंच, पण त्यानं परवानगी मिळत नाही. तिसरी, ‘मोबाइलवर फिरत आलेला फोटो मोकळा असतो.’ तो फक्त फिरत आलेला असतो. घरी सरावासाठी चित्र काढलं, तर कायदा खासगी वापराची सवलत देतो. विक्रीला ठेवलं की ती सवलत मागे पडते. मग न्यायालय विक्री थांबवू शकतं, भरपाई द्यायला लावू शकतं. जाणूनबुजून धंद्यासाठी केलं असेल, तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाचीही तरतूद आहे.

परवानगी मागणं वाटतं तेवढं अवघड नाही. फोटोखालचं नाव पाहा. फोटोग्राफर पेपरात नोकरीला असेल, तर पेपरात छापण्याचा हक्क मालकाचा असतो. बाकी वापराचे हक्क, वेगळा करार नसेल तर, फोटोग्राफरकडे राहतात. करार काय आहे ते आपल्याला बाहेरून दिसत नाही, म्हणून दोघांनाही लिहा. फोटो वृत्तसंस्थेचा असेल, तर तिच्याकडे विचारा. पत्रात साधं लिहा: अमुक तारखेच्या अंकातला अमुक पानावरचा फोटो, त्यावरून एवढ्या आकाराचं एक चित्र करून विकायचं आहे, नाव कसं द्यावं आणि मोबदला किती. भेटकार्डं किंवा छापील प्रती काढायच्या असतील, तर तेही आत्ताच विचारा. होकार लेखी घ्या. उत्तर आलं नाही, तर त्याला होकार समजू नका.

जुन्या फोटोंची गोष्ट थोडी सोपी आहे. २०१२ पर्यंत आपल्याकडे फोटोचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षंच टिकायचा. त्यामुळे १९५१ पर्यंत छापून आलेले फोटो भारतात साधारणपणे मोकळे झाले आहेत.

हाच कायदा आपलंही रक्षण करतो. चित्र विकलं तरी गिऱ्हाइकाला मिळतो तो कॅनव्हास. त्याच्या प्रती काढण्याचा हक्क, लिहून दिला नसेल तर, आपल्याकडेच राहतो. तुमचं चित्र कुणी न विचारता पिशव्यांवर छापलं, तर तुम्ही जाब विचारू शकता. एक मात्र लक्षात ठेवा. कुणी पैसे देऊन खास ऑर्डर दिली असेल आणि काही ठरवलं नसेल, तर कॉपीराइट ऑर्डर देणाऱ्याचा होतो. म्हणून ऑर्डर घेताना दोन ओळी लिहून दोघांच्या सह्या घ्या.

नोटीस आली, तर घाबरून चित्र फाडू नका आणि नोटीस दडवूनही ठेवू नका. कात्रण, पत्रं, विक्रीची पावती घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो.

दिवाळीच्या प्रदर्शनासाठी आत्तापासून चित्रं करत असाल, तर परवानगीचं पत्र आधी टाका आणि मग रंग भिजवा. उत्तर यायला वेळ लागतो.