दलालाविना घराचा विक्रय

मुलें पुण्यास नोकरीला, एखादा परदेशीं, आणि नांदेडच्या गाडीपुऱ्यांत किंवा लातूरच्या जुन्या गांवांत वडिलोपार्जित घराला कुलूप, ही स्थिति हल्लीं मराठवाड्यांतील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांची झाली आहे. अशा वेळीं घर विकण्याचें ठरलें कीं पहिला प्रश्न निघतो तो दलालाचा. आपल्याकडे दलाल विकणाऱ्याकडून व घेणाऱ्याकडून बहुधा शेंकडा एक ते दोन रुपये घेतो. पन्नास लाखांच्या घरावर शेंकडा दोनप्रमाणें एक लाख रुपये होतात. हा खर्च वांचवितां येईल काय, याचा विचार येथें करावयाचा आहे.

दलाल हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ वाट दाखविणारा असा आहे. लातूरच्या बाजारांत तूर किंवा सोयाबीन आणणाऱ्या शेतकऱ्यास आडत्या लागतो, कारण त्या मालाला एकाच वेळीं अनेक गिऱ्हाइकें असतात व सौद्यांत भाव ठरतो. घराचें तसें नाहीं. त्याला एकच गिऱ्हाईक पाहिजे असतें, आणि तें पुष्कळदां त्याच गल्लींत राहत असतें. भिंतीला भिंत लागून असलेली जागा शेजाऱ्यास जितकी हवी असते, तितकी परक्यास नसते. म्हणून दारावर पाटी लावण्यापूर्वीं शेजाऱ्यांस विचारावें; नंतर स्थानिक वर्तमानपत्रांत चार ओळींची जाहिरात द्यावी.

किंमत ठरविण्यास दोन साधनें सर्वांस खुलीं आहेत. शासनाचे वार्षिक मूल्यदर तक्ते नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळतात, आणि आसपासचीं घरें कितीस विकलीं गेलीं हें सूची क्रमांक दोनच्या उताऱ्यावरून कळतें. तक्त्यांतील दर मुद्रांकशुल्काच्या हिशोबासाठीं असतो, तो बाजारभाव नव्हे. परंतु दोन्ही कागद शेजारीं ठेवून वाचले म्हणजे अवास्तव अपेक्षा आपोआप कमी होते.

येथवर दलालाचें काम घरधन्यास करतां येतें. खरी अडचण पुढें आहे, आणि ती दलाल लावूनहि सुटत नाहीं. गिऱ्हाईक आलें, भाव ठरला, आणि कागद काढून पाहतात तों घर अजून आजोबांच्याच नांवावर, असा प्रकार अनेक घरीं आढळतो.

नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांस लागून असलेल्या बीदर जिल्ह्यांतील कल्याण येथें, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळीं, विज्ञानेश्वरानें मिताक्षरा लिहिली. भूमीच्या हस्तांतरास गांव, भाऊबंद, शेजारी व वारस यांची संमति असावी, अशा अर्थाचें एक जुनें वचन घेऊन त्यानें त्याचीं कारणें दिलीं आहेत. गांवाची संमति व्यवहार उघड व्हावा म्हणून, शेजाऱ्यांची सीमेचा तंटा होऊं नये म्हणून, आणि विभक्त झालेल्या भाऊबंदांची पुढें विभक्त कीं अविभक्त असा संशय उरूं नये म्हणून. आजची जाहीर नोटीस, जागेची मोजणी व सर्व वारसांच्या सह्या यांचा उद्देश याहून निराळा नाहीं.

वारस म्हणजे केवळ भाऊ नव्हेत. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें वडिलांच्या वांट्यांत मुलगी वारस झाली. पूर्वीं रीतसर वांटणी झालेली नसल्यास, २००५ च्या दुरुस्तीनें ती वडिलोपार्जित मिळकतींत मुलाप्रमाणेंच जन्मतः हिस्सेदार झाली. आणि वडील त्या वेळीं हयात नसले तरी हा हक्क तिला आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं सांगितलें. तरीहि बहिणीस साडीचोळी देऊन हक्कसोडपत्रावर सही घ्यावयाची, व माहेर तुटेल या भीतीनें तिनें ती करावयाची, हा परिपाठ चांगल्या शिकलेल्या घरांतहि चालू आहे. तिनें स्वखुषीनें हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा. परंतु घराची किंमत किती येणार हें न सांगतां घेतलेल्या सहीस संमति म्हणतां येत नाहीं.

आपल्या प्रदेशांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. १९४८ पर्यंत आपण निजामी अमलांत होतों. त्यामुळें जुने कागद उर्दूंत, कांहीं मोडींत, व सन फसली असतो. जाणत्याकडून त्यांचें भाषांतर आधींच करून घ्यावें. जागा मूळची इनामी असल्यास १९५४ च्या हैदराबाद इनाम-निर्मूलन कायद्याखालीं तिची स्थिति काय, व गुंठेवारीची असल्यास २००१ च्या कायद्याप्रमाणें ती नियमित झाली काय, हें महसूल कचेरींत व महापालिकेंत विचारावें.

कागद सिद्ध झाले म्हणजे उरलेलें काम सरळ आहे. इसार लेखी करारावरच घ्यावा. वीस हजार वा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास २०१५ पासून आयकराच्या कायद्यानें मनाई आहे. किंमत पन्नास लाख वा अधिक असल्यास घेणारा शेंकडा एक कर कापून भरतो. त्याचा दाखला मागून घ्यावा. शंभर रुपये व त्यावरील किमतीच्या घराचा विक्रय १८८२ च्या मालमत्ता हस्तांतर कायद्याप्रमाणें नोंदलेल्या खतानेंच होतो, व सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आंत तें दुय्यम निबंधकाकडे द्यावें लागतें. मसुदा वकिलाकडूनच करवावा. तेथें काटकसर करूं नये. भिंतींतील ओल किंवा हद्दीचा वाद आपण होऊन सांगावा. घेणाऱ्यास न दिसणारा दोष उघड करणें हें त्याच कायद्यानें विकणाऱ्याचें कर्तव्य ठरविलें आहे. पूर्ण रक्कम खात्यांत जमा झाल्याविना किल्ली देऊं नये.

ज्यांचें गांवीं कोणीच उरलेलें नाहीं, त्यांनीं दलाल अवश्य लावावा. त्याचे श्रम खरे असतात व त्यांचें मोल द्यावें. परंतु विक्रयानंतर प्रत्येकाच्या हिश्शाचा हिशोब एका कागदावर लिहून सर्वांस द्यावयाचा, तो कर्त्या माणसानेंच. घर गेल्यावरहि भावाबहिणींचें सणावारीं एकमेकांकडे जाणेंयेणें राहिलें पाहिजे, आणि त्याची तजवीज कोणी दलाल करून देत नाहीं.