अभ्यासपूर्ण लेखनाच्या संज्ञा : पर्याय आणि अर्थभेद

प्रस्तावना :

महाविद्यालयीन विद्यार्थी संशोधनपर लेखनाकडे वळतो तेव्हा निबंध, शोधनिबंध, लघुप्रबंध, प्रबंध, ग्रंथ, मीमांसा, समीक्षा, भाष्य अशा अनेक संज्ञा त्याच्यासमोर येतात. त्यांपैकी काही संज्ञा परस्परांचे पर्याय म्हणून सर्रास वापरल्या जातात. वास्तविक प्रत्येक संज्ञा लेखनाची व्याप्ती, पुराव्याचे स्वरूप आणि अपेक्षित वाचक यांविषयी एक अभिवचन देत असते. ते लक्षात न घेतल्यास वर्णनाला 'मीमांसा' आणि संकलनाला 'संशोधन' म्हटले जाते. परिणामी वाचकाची दिशाभूल होते व अभ्यासकाचे श्रमही वाया जातात. प्रस्तुत लेखात या संज्ञांमधील अर्थभेद स्पष्ट केला असून, त्यासाठी हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर येथील पूर्णा नदीवरील धरण हा एकच विषय उदाहरणादाखल घेतला आहे.

१. व्युत्पत्ती आणि अर्थांतर :

'निबंध' आणि 'प्रबंध' या दोन्ही शब्दांच्या मुळाशी 'बांधणे' ही क्रिया आहे, तर 'ग्रंथ' या शब्दाच्या मुळाशी 'गुंफणे' ही क्रिया आहे. विखुरलेली सामग्री एका सूत्रात आणणे हा तिन्हींचा समान आशय होय. तथापि काळाच्या ओघात त्यांचे मार्ग भिन्न झाले. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने रचलेला 'चतुर्वर्गचिंतामणी' हा धर्मशास्त्रातील विशाल निबंधग्रंथ मानला जातो. म्हणजे त्या काळी 'निबंध' ही संज्ञा अनेक शास्त्रवचनांचा धांडोळा घेऊन केलेल्या प्रचंड संकलनालाही लावली जात असे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली आणि विचारप्रधान गद्यलेख हा निबंधाचा अर्थ मराठीत स्थिरावला. आज हाच शब्द शालेय परीक्षेतील दोन पानी लेखनासाठी वापरला जातो. त्यामुळेच संशोधनाधिष्ठित लेखाला 'शोध' हे पूर्वपद जोडून 'शोधनिबंध' म्हणावे लागते.

'प्रबंध' या शब्दाचा प्रवासही असाच आहे. यादवराजा सिंघण याच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकर' ग्रंथात प्रबंध हा गेय रचनेचा प्रकार आहे. मराठी विद्यापीठीय व्यवहारात तो पदवीसाठी सादर केलेल्या संशोधनाचा वाचक झाला. हिंदीत मात्र त्याचा रूढ अर्थ 'व्यवस्थापन' असा आहे.

'टीका' म्हणजे मुळात अर्थविवरण. इ.स. १२९० मधील 'ज्ञानेश्वरी' ही भगवद्गीतेवरील टीका आहे, ती याच अर्थाने. आजच्या बोलीत टीका म्हणजे दोषदर्शन. 'भाष्य' ही संज्ञाही सूत्रग्रंथांवरील सविस्तर विवरणापासून राजकीय अभिप्रायापर्यंत येऊन पोहोचली आहे.

२. हिंदी संदर्भसाहित्य वापरताना :

मराठवाड्यातील अनेक विद्यार्थी हिंदी संदर्भग्रंथांचाही आधार घेतात. तेथे समान दिसणारे शब्द फसवे ठरू शकतात. मराठीत 'संशोधन' म्हणजे नवे ज्ञान मिळविण्याचा पद्धतशीर प्रयत्न. हिंदीत 'संविधान संशोधन' म्हणजे घटनादुरुस्ती. याउलट हिंदीतील 'अनुसंधान' म्हणजे मराठीतील संशोधन. मराठीत मात्र अनुसंधान म्हणजे संबंध राखणे किंवा चित्त लावून ठेवणे.

३. एक विषय, अनेक लेखनप्रकार :

सिद्धेश्वर धरण हे येलदरी धरणासह पूर्णा प्रकल्पाचा भाग आहे. या धरणाचा परिचय सर्वसामान्य वाचकाला करून दिल्यास तो 'लेख' होईल. उपलब्ध नोंदी क्रमवार मांडल्यास ते 'संकलन' किंवा 'अहवाल' ठरेल. कालव्याच्या शेवटच्या टोकाकडील शेतकऱ्यांच्या पीकपद्धतीविषयी एकच मर्यादित प्रश्न घेऊन, स्वतः माहिती गोळा करून निष्कर्ष काढल्यास तो 'शोधनिबंध' होय. त्या बदलांची कारणे परस्परांशी ताडून पाहिल्यास ती 'कारणमीमांसा' ठरते. या धरणाविषयीच्या पूर्वीच्या लेखनाचे गुणदोष तपासल्यास ती 'समीक्षा' होते.

हाच विषय पदवीच्या चौकटीत मर्यादित आवाक्यात हाताळल्यास 'लघुप्रबंध', तर पीएच.डी.साठी मौलिक भर घालणारे विस्तृत संशोधन केल्यास 'प्रबंध' म्हणतात. लघुप्रबंध ही संज्ञा पूर्वी प्रामुख्याने एम.फिल.शी निगडित होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी ती पदवी बंद केल्यानंतरही पदव्युत्तर स्तरावरील संशोधनकार्यासाठी ही संज्ञा उपयुक्त आहे.

४. विशेषणांचा विवेक :

'सखोल', 'व्यासंगपूर्ण', 'साक्षेपी' व 'चिकित्सक' ही विशेषणेही समानार्थी नाहीत. सखोल हे विषयाच्या तळाशी जाण्याचे, व्यासंगपूर्ण हे दीर्घकालीन अध्ययनाचे, साक्षेपी हे चिकाटीने व काळजीपूर्वक केलेल्या कामाचे, तर चिकित्सक हे पुराव्याच्या पारखणीचे निदर्शक आहे. एखादे लेखन व्यासंगपूर्ण असूनही चिकित्सक नसू शकते.

शिवाय खोली ही नावावर किंवा पृष्ठसंख्येवर अवलंबून नसते. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यांचे मौलिक इतिहासचिंतन अशा खंडांना जोडलेल्या 'प्रस्तावना' या साध्या शीर्षकाखालीच आलेले आहे. मराठी विश्वकोशातील लेखनाला तर केवळ 'नोंद' म्हणतात. परंतु चांगल्या नोंदीमागे मोठा व्यासंग असतो.

समारोप :

अभ्यासपूर्ण लेखनाच्या संज्ञा या प्रतिष्ठेच्या पायऱ्या नसून कार्यभेदाच्या खुणा आहेत. म्हणून शीर्षक ठरविण्यापूर्वी अभ्यासकाने प्रश्न कोणता, पुरावा कोणता आणि भर कोणती, या तीन बाबी तपासणे इष्ट ठरते. तिन्हींची उत्तरे लेखनात सापडत असतील, तर सिद्धेश्वरच्या परिसरातील एखाद्या कालव्यावरील दहा पानांचे लेखनही शोधनिबंध ठरते. ती नसतील, तर तीनशे पानांचे बाडही प्रबंध ठरत नाही.