अबू हुरेरा

अबू हुरेरा हे उत्तर सीरियातील एक प्रागैतिहासिक वसाहतीचे स्थळ आहे. ते युफ्रेटिस नदीच्या दक्षिण काठावर, अलेप्पो शहराच्या पूर्वेस सुमारे १२० किलोमीटर अंतरावर होते. आज ते धरणाच्या जलाशयाखाली आहे. सुमारे १३,००० वर्षांपूर्वी येथे शिकार आणि अन्नसंकलन करणाऱ्या लोकांनी वस्ती केली. पुढे याच टेकाडावर शेती व पशुपालन करणाऱ्यांचे मोठे गाव उभे राहिले. शिकारी-संकलक आणि शेतकरी अशा दोन्ही समाजांचे अवशेष एकाच जागी, एकावर एक थरांत सापडल्यामुळे शेतीने माणसाचे अन्न, शरीर, श्रम आणि समाजरचना कशी बदलली याच्या अभ्यासात हे स्थळ मूलभूत मानले जाते.

स्थान आणि उत्खनन

हे टेकाड नदीचे पूरमैदान आणि त्यामागील गवताळ पठार यांच्या सीमेवर होते. नदीकाठची झाडी, दलदलीतील वनस्पती, पठारावरील गवते आणि काही अंतरावरील विरळ वने या सर्वांचे उत्पन्न येथील रहिवाशांच्या आवाक्यात होते. शेती नसतानाही लोक एका जागी दीर्घकाळ राहू शकले, याचे एक प्रमुख कारण हे स्थानवैशिष्ट्य मानले जाते.

युफ्रेटिसवर तब्का धरण बांधले जात असताना बुडिताखाली जाणाऱ्या स्थळांची नोंद करण्यासाठी तातडीची उत्खनने हाती घेण्यात आली. त्यांपैकी अबू हुरेराचे उत्खनन अँड्र्यू मूर यांच्या नेतृत्वाखाली १९७२ आणि १९७३ अशा केवळ दोन हंगामांत झाले. त्यानंतर हे स्थळ असद सरोवराखाली गेले.

वेळ अपुरा असूनही उत्खननात माती चाळण्यावर आणि धुण्यावर मोठा भर देण्यात आला. खोदलेली माती पाण्यात ढवळली की जळून कोळसा झालेली हलकी बीजे वर तरंगतात व ती गाळून घेता येतात. या पद्धतीमुळे वनस्पतींच्या अवशेषांचा मोठा संग्रह हाती आला. वनस्पती-अवशेषांचा अभ्यास गॉर्डन हिलमन यांनी, प्राण्यांच्या हाडांचा अँथनी लेग व पीटर रॉली-कॉनवी यांनी, तर मानवी सांगाड्यांचा थेया मोलेसन यांनी केला. उत्खननाचा सविस्तर अहवाल मूर, हिलमन व लेग यांनी २००० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

पहिली वसाहत: शिकारी-संकलकांचे गाव

पहिल्या वसाहतीतील लोक जमिनीत खोदलेल्या गोलाकार खड्ड्यांत राहत. लाकडी खांबांच्या आधारावर गवत-बोरूचे छप्पर घालून हे खड्डे झाकलेले असत. पुढील काळात जमिनीच्या पातळीवर झोपड्या बांधल्या जाऊ लागल्या. लोकसंख्या फार तर काही शे असावी. वस्ती वर्षभराची होती, असा उत्खननकर्त्यांचा निष्कर्ष आहे. त्यामुळे माणूस प्रथम शेती करू लागला आणि मगच एका जागी स्थिरावला, हा जुना समज येथे लागू पडत नाही.

या लोकांचा आहार विलक्षण वैविध्यपूर्ण होता. शंभराहून अधिक प्रकारच्या खाद्य वनस्पतींची बीजे व फळे येथे मिळाली. त्यांत रानटी राय, एकदाणी रानटी गहू, रानटी मसूर आणि अनेक गवतांची बीजे होती. मांसासाठी मुख्य भिस्त गॅझेलवर होती. हा महाराष्ट्रातही आढळणाऱ्या चिंकाऱ्याचा जवळचा नातेवाईक असलेला प्राणी होय. सापडलेल्या हाडांपैकी सुमारे ८० टक्के हाडे गॅझेलची आहेत. दातांवरून या प्राण्यांची वये ठरवली असता ती ठरावीक गटांतच मोडतात, असे लेग व रॉली-कॉनवी यांना आढळले. यावरून गॅझेलचे कळप दरवर्षी वसंताच्या अखेरीस व उन्हाळ्याच्या प्रारंभी स्थलांतर करत येथे येत आणि त्याच काळात त्यांची मोठ्या प्रमाणावर शिकार होई, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

हवामानबदल आणि लागवडीचा प्रारंभ

सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी हवामान पुन्हा थंड व कोरडे झाले. हजार वर्षांहून अधिक काळ टिकलेल्या या कालखंडाला यंगर ड्रायस म्हणतात. हिलमन यांच्या मते त्याचा परिणाम अबू हुरेराच्या बीजांमध्ये क्रमाने दिसतो. प्रथम वनातील झाडांची फळे कमी झाली, मग रानटी मसूर आणि त्यानंतर रानटी गहू व राय. याच थरांत कोरडवाहू शेतांत माजणाऱ्या तणांची बीजे मात्र वाढली. तसेच लागवडीखालील वाणांसारखे टपोरे रायचे दाणे मिळाले. या पुराव्यावरून रानातील धान्य आटू लागल्यावर लोकांनी ते स्वतः पेरून टिकवण्याचा प्रयत्न केला, असे प्रतिपादन हिलमन यांनी केले.

पेरणीमुळे वनस्पतीतही बदल घडतो. रानटी गव्हाची वा रायची ओंबी पिकली की तिचे दाणे आपोआप गळून पडतात. त्यामुळे बी पसरते. काही मोजक्या रोपांत मात्र दाणे ओंबीला धरून राहतात. रानात हा दोष ठरतो, परंतु कापणी करणाऱ्याच्या हाती अशाच ओंब्या अधिक लागतात. त्यांतले दाणे पुढच्या वर्षी पेरले गेले की न गळणाऱ्या रोपांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाते. अखेर मळणी केल्याशिवाय दाणा सुटत नाही आणि पेरल्याशिवाय पीक उगवत नाही. पीक माणसावर अवलंबून होते, आणि त्या पिकावर माणूस.

दुसरी वसाहत: शेतकऱ्यांचे गाव

सुमारे १०,५०० वर्षांपूर्वीपासूनच्या थरांत गावाचे रूप पालटलेले दिसते. खड्ड्यांतील झोपड्यांच्या जागी कच्च्या विटांची, अनेक खोल्यांची चौकोनी घरे आली. काही घरांच्या जमिनींना गुळगुळीत लेप दिलेला होता. घरे दाटीवाटीने, मध्ये अरुंद बोळ सोडून बांधलेली होती. भरभराटीच्या काळात गावाचा विस्तार सुमारे १६ हेक्टरांपर्यंत पोहोचला आणि लोकसंख्या काही हजार झाली. त्या काळातील जगात ही फार मोठी वसाहत होती.

शेतात गहू, राय, सातू, मसूर आणि हरभरा ही पिके होती. यांपैकी एमर गहू हा महाराष्ट्रात आजही खपली गहू या नावाने पिकवला जातो. पिकांची संख्या वाढली, तरी आहाराचा एकूण पट मात्र अरुंद झाला. पूर्वी शंभरावर वनस्पतींमध्ये विभागलेली जोखीम आता थोड्या पिकांवर येऊन पडली.

पशुपालन मात्र लगेच प्रमुख झाले नाही. शेती रुळल्यानंतरही कित्येक शतके मांस मुख्यतः गॅझेलचेच होते. पुढे तुलनेने थोड्या काळात हे प्रमाण उलटले. गॅझेलची हाडे झपाट्याने घटली आणि मेंढ्या-शेळ्यांची हाडे बहुसंख्य झाली. स्थलांतराच्या वाटेवर भिंती व कुंपणे उभारून कळपच्या कळप मारले जाऊ लागल्याने गॅझेलची संख्या घसरली असावी, असे स्पष्टीकरण लेग व रॉली-कॉनवी यांनी दिले.

सांगाड्यांवरील पुरावा

मोलेसन यांनी सुमारे १६२ व्यक्तींच्या अवशेषांचा अभ्यास केला. शेतीचा भार प्रत्यक्ष शरीरावर कसा पडला, हे या अभ्यासातून दिसते.

अनेक सांगाड्यांत पायाच्या अंगठ्याचे सांधे झिजलेले व वाकलेले होते. गुडघ्यांवर आणि कंबरेच्या मणक्यांवरही अतिताणाच्या खुणा होत्या. गुडघे टेकून, पायाची बोटे मागे दुमडून, पाट्यासारख्या दगडावर दुसरा दगड पुढे-मागे रेटत रोज काही तास धान्य दळल्यामुळे हे घडले, असा मोलेसन यांचा निष्कर्ष आहे. ज्यांचे लिंग ठरवता आले अशा बाधित व्यक्तींत स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. म्हणजे दळणाचे काम मुख्यतः स्त्रियांकडे होते. श्रमाच्या लिंगाधारित विभागणीचा हा अतिशय जुना आणि थेट पुरावा आहे. मानेच्या मणक्यांवरील खुणा डोक्यावरून ओझी वाहण्याच्या सवयीकडे निर्देश करतात.

दातांवरूनही आहारातील बदल कळतो. जाडेभरडे पीठ, त्यातील न फुटलेले दाणे आणि दगडाची कच यांमुळे दात झिजत व तुटत. नंतरच्या थरांत असे दात कमी आढळतात. चाळणीचा वापर सुरू झाल्याचा हा परिणाम असावा. सुमारे ९,००० वर्षांपूर्वीनंतर मातीची भांडी प्रचारात आली आणि धान्य शिजवून मऊ खाता येऊ लागले. त्याने दातांची झीज कमी झाली, परंतु चिकट पिष्टमय अन्नामुळे दंतक्षय वाढला. मऊ पेज लहान मुलांनाही भरवता येत असल्याने अंगावरचे दूध लवकर सुटले, दोन बाळंतपणांतील अंतर घटले आणि लोकसंख्यावाढीला हातभार लागला, अशीही मांडणी मोलेसन यांनी केली आहे. काही मोजक्या व्यक्तींच्या पुढच्या दातांवर खोल खाचा आहेत. टोपल्या किंवा चटया विणण्यासाठी वेताचे वा बोरूचे धागे दातांत धरून ओढल्याच्या या खुणा मानल्या जातात. त्यावरून गावात विशिष्ट कारागिरी करणारे लोक तयार झाले होते, असे दिसते.

सामाजिक परिणाम

अबू हुरेराचा पुरावा एकत्र पाहिला असता शेतीचे परिणाम एकाच दिशेचे नव्हते, हे स्पष्ट होते. त्याच प्रदेशातून अनेक पट अधिक लोकांचे पोट भरू लागले. धान्य साठवता येऊ लागल्याने टंचाईच्या महिन्यांची सोय झाली. कायमची घरे बांधली गेली आणि मृतांना अनेकदा घरांच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरले जाऊ लागले. घर, कुटुंब आणि जागा यांचे नाते त्यातून घट्ट झाले.

दुसरीकडे, पेरणी, कापणी, मळणी आणि दळण यांचे अखंड चक्र माणसाच्या मागे लागले. एका व्यक्तीच्या वाट्याला येणारे श्रम घटले नाहीत. बहुधा ते वाढले. जगातील इतर प्रदेशांतील सांगाड्यांवरूनही शेतीच्या प्रारंभी अनेक ठिकाणी आरोग्य खालावल्याचे दिसून आले आहे. मार्क नेथन कोहेन व जॉर्ज आर्मेलागोस यांनी संपादित केलेल्या १९८४ च्या ग्रंथाने या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

मग लोक जुन्या जीवनपद्धतीकडे का परतले नाहीत? त्याचे एक उत्तर लोकसंख्येत आहे. काही शे लोकांना पुरणारे रान काही हजारांना पुरणे शक्य नव्हते. शिवाय गॅझेलचे कळप ओसरले होते. शेतीने वाढवलेल्या लोकसंख्येला शेतीवाचून पर्याय उरला नाही.

समाजातील विषमतेचा संबंध अनेकदा थेट शेतीशी जोडला जातो. येथे मात्र राजवाडा, मोठे मंदिर किंवा शासनकर्त्याचे निवासस्थान मिळालेले नाही. शेतीने साठवण आणि मोठी वस्ती शक्य केली. राज्यसंस्था आणि नगरे पश्चिम आशियात त्यानंतर हजारो वर्षांनी उदयास आली.

मतभेद

रायच्या लागवडीबाबत अभ्यासकांत एकमत नाही. लागवडीखालील मानले गेलेले दाणे संख्येने अत्यल्प आहेत. तणांच्या वाढीचेही अन्य स्पष्टीकरण देता येते, असा आक्षेप नंतरच्या पुनर्परीक्षणांत घेण्यात आला. दोन्ही वसाहतींमध्ये खंड पडला होता की वस्ती अखंड होती, हाही वादाचा मुद्दा आहे. २०२० मध्ये मूर व सहकाऱ्यांनी वितळून काचेसारख्या झालेल्या कणांच्या आधारे, यंगर ड्रायसच्या प्रारंभी धूमकेतूच्या तुकड्यांच्या स्फोटाने पहिले गाव नष्ट झाले असावे, अशी मांडणी केली. ती बहुमान्य झालेली नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मातीतील शेणाच्या सूक्ष्म अवशेषांवरून पहिल्या वसाहतीतील लोकही थोड्या प्रमाणात जिवंत जनावरे गावात बाळगत असावेत, असे सुचवण्यात आले.

प्रसार आणि महत्त्व

पुरातत्त्वज्ञ व्ही. गॉर्डन चाइल्ड यांनी १९३० च्या दशकात शेतीच्या उदयाला ‘नवाश्मयुगीन क्रांती’ असे नाव दिले. अबू हुरेराने या संकल्पनेत महत्त्वाची दुरुस्ती केली. येथे स्थिर वस्ती, लागवड, पशुपालन आणि मृद्भांडी ही चार पावले एकाच वेळी पडलेली नाहीत. ती सुमारे चार हजार वर्षांत विखुरलेली आहेत. परिणामांच्या दृष्टीने ही क्रांती असली, तरी ती जगणाऱ्या कोणत्याही एका पिढीला तिची व्याप्ती जाणवली नसावी.

पश्चिम आशियात लागवडीखाली आलेली पिके पुढे दूरवर पसरली. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे, इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या वसाहतीत सातू, गहू व मसूर यांचे दाणे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात मिळाले. इनामगावच्या अखेरच्या काळात चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि शेतीपेक्षा पशुपालन व शिकारीवरील भर वाढला. त्यामुळे शेतीकडील वाटचाल सर्वत्र एकमार्गी नव्हती, हेही लक्षात येते.

सुमारे ८,००० वर्षांपूर्वी अबू हुरेराचे नवाश्मयुगीन गाव ओस पडले. आज तेथे नव्याने उत्खनन करणे शक्य नाही. तरीही दोन हंगामांत जमवलेली बीजे, हाडे आणि मातीचे नमुने जतन केलेले असल्याने नवनव्या तंत्रांनी त्यांचा अभ्यास अद्याप चालू आहे.