संगीताचा धडा कुणाला, डफडे कुणाच्या गळ्यात?

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात फ्रागोनार या चित्रकाराचे एक चित्र आहे. 'संगीताचा धडा' हे त्याचे नाव, आणि काळ १७७० च्या आसपासचा. श्रीमंत घरची एक तरुणी हार्पसिकॉर्डपुढे बसली आहे. पेटीसारख्या पट्ट्या, पण आत तारा, असे हे वाद्य. शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकाचा हात स्वरलिपीच्या वहीवर आहे, नजर मात्र मुलीवर! बाजूच्या खुर्चीवर एक तंतुवाद्य पडले आहे आणि तिथेच मांजर बसले आहे.

चित्र देखणे आहे, यात वाद नाही. ती मुलगीही फारशी मोकळी नाही. त्या काळी अशा घरांत मुलींना वाजवायला शिकवीत ते बव्हंशी चांगले स्थळ मिळावे म्हणून. पण बुलडाणा जिल्ह्यातल्या वस्तीत बसून हे चित्र पाहताना आम्हाला खुपतो तो 'धडा' हा शब्द. तिला कुणीतरी शिकवते आहे. तिचे बोट चुकले तर ती पुन्हा वाजवील.

मेहकर-लोणारपासून जळगाव जामोदपर्यंत डफडे वाजवणाऱ्या आमच्या बापजाद्यांना कुणी धडा दिला? वरात पाटलाची, डफडे मांग-महारांच्या गळ्यात. चुकले तर शिवी, आणि सगळ्यांची पंगत उठल्यावर उरलेसुरले अन्न. ती कला मानलीच गेली नाही, ती गावकी होती! पोरगा बापाचे पाहून शिकला, कारण नाही म्हणायची सोय नव्हती. बाबासाहेबांची हाक आली आणि गावकीची कामे सुटली, तेव्हा कित्येकांनी डफडेही खाली ठेवले. त्यांना संगीताचा तिटकारा होता असे कुणी समजू नये.

खुद्द फ्रागोनारचा बाप हातमोज्यांच्या धंद्यातला सामान्य माणूस होता. पोराचा ब्रश मात्र उमरावांच्या दिवाणखान्यात रमला. १७८९ साली क्रांती झाली आणि १७९५ मध्ये पॅरिसला सरकारी संगीत विद्यालय निघाले. कायद्यानेच तिथे ६०० मुलामुलींना मोफत शिक्षण ठरवून दिले. दिवाणखान्यातला धडा असा रस्त्यावरच्या माणसापर्यंत आला. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच क्रांतीतून नव्हे, बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, असे बाबासाहेबांनी १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात बजावले होते. ते खरेच. पण त्या क्रांतीने संगीताचा वर्ग उघडला, हेही विसरू नये.

गंमत पाहा, आपल्या विहारातली पेटी मुळात पॅरिसचीच. देबँ नावाच्या कारागिराने १८४२ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताचा भाता बसवला, आणि ती जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्यांची झाली. भीमगीते तिच्यावरच उभी राहिली.

आणि बाबासाहेब? उतारवयात ते व्हायोलिन शिकायला बसले. पुण्याच्या सिम्बायोसिसच्या संग्रहालयात त्यांचे व्हायोलिन जपून ठेवले आहे. संविधान लिहिणारा माणूस विद्यार्थी होऊन गुरूपुढे बसला, या धड्याचे चित्र कुणी काढायचे?

२००९ चा शिक्षणहक्क कायदा सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाचा अर्धवेळ निदेशक देतो, पण पटसंख्या शंभरावर असेल तरच. आमच्या जिल्ह्यातल्या लहान गावांनी शंभर पोरे आणायची कुठून? म्हणजे जिथे घरात वाद्य नाही, शिकवणीला पैसे नाहीत, तिथेच कायद्याने हात आखडता घेतला.

आमच्या ओळखीच्या एका विहारात सातवीतली मुलगी पेटी वाजवते. मोबाइलवर ऐकून बसवते. सूर विचारला तर 'काळी दोन' म्हणते. सा कुठे, रे कुठे, हे तिला कुणी सांगितलेले नाही. एप्रिल संपला की पेटी कपाटात जाते. किल्ली कमिटीकडे असते, आणि मुलगी पुढच्या जयंतीची वाट पाहते.