माती मानवली पाहिजे

अबोलीला वास नाही. तरीही आमच्या कोकणात परसदारी अबोली नाही असे घर विरळा. वर्षभर हिरवी, फार निगा न मागणारी आणि जवळजवळ बारा महिने फुलणारी. अशी ही सोशिक अबोली माझ्या दारात मात्र मरायला टेकली होती.

मी मूळचा राजापूर तालुक्यातला, नोकरीमुळे सोलापूरला स्थायिक झालेला. वडील गेल्यावर अम्मी माझ्याकडे राहायला आली. तिच्या सामानात रुमालाच्या गाठीत अबोलीची वाळकी बोंडे होती. "ही लागली तर मी राहीन," असे ती हसत म्हणाली. ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते, हे मला पुढे कळले.

ही बोंडे मोठी गमतीची. वाळलेल्या बोंडाला पाणी लागले की ते तडकते आणि बी दूर उडते. पहिल्या पावसाच्या तोंडावर बी आपण होऊन पेरले जावे, अशी ती निसर्गाची योजना. आम्ही कुंडीत बी टाकले. तीनेक आठवड्यांत सात रोपे वर आली. पण दोन महिन्यांतच कोवळी पाने पिवळी पडू लागली. शिरा तेवढ्या हिरव्या, मधला भाग पिवळा. मी शेणखत घातले, चुलीतली राख घातली, कुणी सांगितले म्हणून गंजके खिळेही पुरले. चार रोपे गेली. अम्मी म्हणाली, "हितली माती हिला मानवत नाय." त्यानंतर ती गावाकडच्या गाडीची चौकशी करू लागली.

शेवटी शेतकीचे शिक्षण घेतलेल्या एका मित्राला पाने दाखवली. तो म्हणाला, अम्मीचे बरोबर आहे. अबोली मूळची दक्षिण भारत आणि श्रीलंकेतली, झाडांच्या सावलीत वाढणारी. तिला ओलसर, भुसभुशीत, किंचित आम्ल माती लागते. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो मातीतला चुना धुऊन नेतो, म्हणून जांभ्याची तांबडी माती आम्ल राहते. सोलापूरकडच्या काळ्या मातीत चुनखडी असते, बोअरचे पाणीही जड. अशा अल्कधर्मी मातीत लोह असते, पण मुळांना ते घेता येत नाही. लोहावाचून पानाचा हिरवा रंग तयार होत नाही. माझ्या राखेने तर आम्लता आणखीच मारली होती. जेवण समोर होते, पण घास तोंडात जात नव्हता.

मग उपाय सुरू केले. गावाहून एसटीने दोन पोती तांबडी माती मागवली. दोन भाग ती माती, एक भाग कुजलेला पालापाचोळा आणि निचऱ्यासाठी थोडी जाड वाळू. राख बंद. गच्चीवरचे पावसाचे पाणी पिंपात साठवून तेच घालायचे. तातडीचा इलाज म्हणून लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारले. कुंड्या शेवग्याच्या विरळ सावलीत हलवल्या, कारण सकाळचे कोवळे ऊन तिला चालते, दुपारचे भाजते. माती ओलसर हवी, पण पाणी साचता कामा नये. साचले की मुळे कुजतात. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी समजावेत. त्यांना आळा बसावा म्हणून निंबोळी पेंड मातीत मिसळून ठेवावी. फुलून गेलेले तुरे खुडले की नवे लवकर येतात. बियांसाठी चार-दोन राखावेत.

जुनी पिवळी पाने फारशी सुधारली नाहीत. नवी मात्र काळपट हिरवी, तुकतुकीत आली. दसऱ्याच्या सुमारास पहिला तुरा फुलला. थोडी फुले साठताच अम्मीने केळीच्या सोपाच्या धाग्यात बोटभर वळेसर केला आणि माझ्या पत्नीच्या केसांत माळला. त्यानंतर गाडीची चौकशी थांबली. ती अकरा वर्षे आमच्याकडे राहिली.

आज अम्मी नाही. तिच्या अबोलीची रोपे आमच्या गल्लीत पाच-सहा घरी आहेत. कुणी बी मागायला आले की मी आधी एकच विचारतो, "पाणी कुठले घालणार?"