धूळ आली कुठून?

गेल्या महिन्यात आमचे एक जुने पेशंट, निवृत्त शिक्षक, दवाखान्यात आले. पती-पत्नी लेहच्या सहलीला निघाले होते. विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून काय करावे हे विचारून झाल्यावर ते म्हणाले, "एक बरे आहे डॉक्टर, तिकडे कारखाने नाहीत. हवा अगदी शुद्ध मिळेल!" त्यांना जे सांगितले, तेच आज वाचकांना सांगतो.

लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. पाऊस वर्षाकाठी शंभर मिलिमीटरच्या आसपास. माती धरून ठेवायला झाडी नाही की गवत नाही. त्यामुळे वसंत ऋतूत सिंधू नदीच्या खोऱ्यात धुळीची वादळे उठतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेचे संशोधक आणि लेहचे डॉक्टर यांनी मिळून तेथील तीन गावांतल्या ४४९ लोकांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. जेथे वादळे कमी, त्या गावात फुप्फुसात धूळ साठून होणारा विकार शंभरात दोघांना होता. मध्यम वादळांच्या गावात वीस टक्क्यांना आणि जोरदार वादळांच्या गावात ४५ टक्क्यांना! त्यांचे एक्स-रे खाणकामगारांच्या एक्स-रेसारखेच दिसत होते. मात्र यांपैकी कोणी खाणीत उतरलेले नव्हते. त्या भागात खाणीच नव्हत्या.

मग ही धूळ आली कुठून? पहिला संशय चुलीवर. कडाक्याच्या थंडीमुळे घरे बंदिस्त, आणि धुराडे नसलेल्या स्वयंपाकघरांत धूर कोंडलेला. तेथील हवेत धुळीचे प्रमाण भरपूर निघाले. पण त्या धुळीत मोकळा सिलिका, म्हणजे गारगोटीचा अंश, एक टक्क्याहूनही कमी होता. वादळाने आणून टाकलेल्या धुळीत मात्र तो साठ ते सत्तर टक्के होता. धुराडे नसलेल्या घरांत विकार अधिक आढळला, म्हणजे चूल निर्दोष नव्हे. पण दगडाचा अंश आला तो वाऱ्याबरोबर.

वाऱ्याने तरी तो कुठून उचलला? हे शोधण्याच्या भूगर्भशास्त्रज्ञांच्या तीन युक्त्या आहेत. पहिली, कणांचा आकार. जाड कण फार लांब जात नाहीत, जवळच पडतात. अगदी बारीक कण शेकडो मैल जातात. थरच्या वाळवंटातली धूळ हिमालयापर्यंत पोहोचते ती अशीच. दुसरी युक्ती, कणांतली खनिजे ओळखून ती आसपासच्या डोंगरांतल्या खडकांशी ताडून पाहणे. तिसरी, स्ट्रॉन्शियम आणि निओडिमियम या मूलद्रव्यांची तपासणी. त्यांच्या समस्थानिकांचे प्रमाण खडकागणिक निराळे असते आणि खडकाचे पीठ झाले तरी ते बरेचसे टिकते. जणू धुळीचे गोत्रच!

उंच खोऱ्यांत पुष्कळदा घरचाच धनी सापडतो. हिमनद्या डोंगर जात्यासारखा दळतात. ते पीठ ओढे-नाले खाली आणतात आणि नदीकाठी, जुन्या आटलेल्या तळ्यांत त्याचे थर बसतात. पाणी ओसरले की थर सुकतात. दुपारी खोऱ्यातला वारा सुटला की तेच पीठ हवेत उडते.

डोळ्यांना दिसणारी धूळ बहुतेक नाका-घशात अडकते. पाच मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. शरीरातल्या रक्षक पेशी ते गिळतात, पण सिलिका पचत नाही. पेशीच मरतात आणि तेथे व्रण पडून गाठी होतात. हाच सिलिकोसिस. हे व्रण औषधाने पुसले जात नाहीत, आणि अशा फुप्फुसाला क्षयाची बाधाही लवकर होते.

येथे माझी एक चूक कबूल करतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात खोकला आणि दम लागणारा एक तरुण आला होता. एक्स-रेवर ठिपके पाहून, थुंकी न तपासताच मी क्षयाची औषधे सुरू केली. सहा महिन्यांनी तो तसाच दमत होता. तेव्हा कुठे मी कामाची चौकशी केली. परराज्यात गारगोटी दळण्याच्या कारखान्यात तो चार वर्षे होता. त्या सहा महिन्यांत तो दोनदा पुन्हा त्याच कामावर जाऊन आला होता. आधी विचारले असते तर मी त्याला निदान तेवढे तरी थांबवले असते.

शिक्षकांनी घाबरण्याचे कारण नाही. आठ दिवसांच्या सहलीने सिलिकोसिस होत नाही. तो वर्षानुवर्षांच्या धुळीचा परिणाम आहे. दमा असेल तर मात्र औषध जवळ ठेवावे आणि वारा सुटल्यावर आत थांबावे. जेथे रोज धूळ आहे तेथे कोरड्या झाडूऐवजी ओले फडके वापरावे आणि चुलीवर धुराडे हवेच. तोंडाला गुंडाळलेला रुमाल बारीक कण अडवत नाही. त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो. विडी-सिगारेट सोडावी, हे वेगळे सांगायला नको.

आणि खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर थुंकी तपासून घ्या. डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगा, काम काय करत होतो, आणि कोणत्या गावच्या वाऱ्यात राहत होतो.